प्रश्न एक्केचाळीस

गांजवे चौकातून आत वळलं की झेरॉक्सचं दुकान,
त्याच्या पोटमाळ्यावर बसून मी महिना लिहितो.
हो, अख्खा महिना. एक तारखेपासून तीसपर्यंत
जे जे झालं ते चौसष्ट पानांत,
स्पायरल बाइंडिंग, चाळीस रुपये,
दहा घेतल्यात तर अकरावी फुकट.

माझं म्हणाल तर दोनदा मुख्य, एकदा मुलाखत, तीन गुण.
तेव्हापासून विचारणाऱ्यांच्या बाजूला येऊन बसलो.

खरं उत्तर शोधायला वेळ लागत नाही.
वेळ खातात उरलेली तीन खोटी.
ती अशी हवीत
की रात्रीच्या एसटीनं आलेल्या हुशार पोराचाही
हात गोलावर घुटमळावा.
मंत्रालय बदलायचं, साल एकानं मागं ढकलायचं,
एखाद्या विधानात 'फक्त' पेरायचा.
'फक्त' दिसला की विधान चूक धरा, हे मीच शिकवलेलं,
म्हणून अधूनमधून मी 'फक्त' खरा ठेवतो.

नोव्हेंबरच्या अंकातला एक्केचाळीसावा प्रश्न नळाचा होता.
खालीलपैकी कोणत्या तालुक्यात सर्व घरांची नळजोडणी पूर्ण झाली?
उत्तर ब.

ब म्हणजे उर्मिला खिल्लारेचा तालुका.

ती जिना चढून आली.
अभ्यासिकेतली बाहत्तर नंबरची खुर्ची,
खानावळीचा एकवेळचा डबा,
वहीच्या शेवटच्या पानावर उरलेल्या दिवसांच्या रेघा.
सर, एक्केचाळीसला हरकत आहे.
पुरावा? मी म्हटलं.
आयोगालाही पुरावा लागतो, पान क्रमांकासकट.

तिनं मोबाइल पुढं केला.
नळ होता. निळा पाइप, पितळी तोटी, नवीकोरी.
तोटीला कुणीतरी शाळेचं दप्तर अडकवलं होतं.

जोडणी झालीय ना? प्रश्नात जोडणी विचारलीय.
पाणी नाही विचारलेलं.
ती म्हणाली, चौथ्या पानावर तुम्ही 'पाणीपुरवठा' लिहिलंय.
लिहिलं होतं.

मग मी तिला ते सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो:
परीक्षेत अहवाल खरा, डोळे नाहीत.
ती हसली नाही, भांडली नाही.
वहीत उतरवून घेतलं, तारीख टाकून,
खाली पट्टीनं रेघ मारली.
त्या सरळ रेघेचा मला दिवसभर राग येत राहिला.

घडामोडी. हा शब्द एकदा नीट बघा.
घडलेलं मी छापतो.
मोडलेलं अभ्यासक्रमात नाही.

शुद्धिपत्र द्यावं म्हटलं पुढच्या अंकात, दोन ओळींचं.
पण मागच्या पानावर क्लासची जाहिरात,
पुढच्यावर निवड झालेल्यांचे फोटो, फेटे, पेढे,
आणि उत्तर तसं चूक नव्हतंच, हेही आहे.

रविवारी सराव चाचणी. एकशेचाळीस जण.
खाली झेरॉक्सच्या यंत्राची घरघर,
वर काळ्या बॉलपेनांची.
आळस म्हणा, जुनेच प्रश्न घातले होते मी, क्रमसुद्धा तोच.
रात्री तपासायला बसलो, एक्केचाळीसपाशी
ब, ब, ब, ब,
गच्च भरलेले काळे गोल.

तिच्या पत्रिकेवर चारही पांढरे.

उत्तर येत होतं तिला. माझ्याकडूनच घेऊन गेली होती.
कोरं सोडलं तर गुण कापत नाहीत,
देतही नाहीत.
बेरीज दोनदा केली.
पहिल्या पन्नासात यायला एक गुण कमी.

सकाळी यादी चिकटवायला खाली उतरलो
तर ती अभ्यासिकेच्या कूलरपाशी,
दोन लिटरची बाटली काठोकाठ भरत,
फरशीवर सांडलेलं चपलेनं पुसत.
यादीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
म्हणाली,
सर, डिसेंबरचा अंक कधी येतोय?